भिंत फोडावी लागेल का?

घर फिनिशिंगला येतं तेव्हा मालकाच्या हातात पैसे सगळ्यांत कमी उरलेले असतात आणि निर्णय सगळ्यांत जास्त. मी नेमकी तेव्हा लोकांबरोबर असते. टाइल, नळ, स्विच, कपाटं निवडून द्यायची आणि बजेट फाटू द्यायचं नाही, हे माझं काम. निम्मा वेळ शोरूममधल्या दिव्यांपासून लोकांना वाचवण्यातच जातो.

परवाचं जोडपं मात्र डोक्यातून जात नाही.

दादांना छतातून पडणारा शॉवर हवा होता, ताटाएवढा. शोरूममध्ये बटण दाबलं की धो धो पाणी. ते पंपावर चालतं, हे विक्रेता आपणहून कधी सांगत नाही. मी हिशेब मांडला. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. यांची टाकी बाथरूमच्या वरच, गच्चीत. तिचा तळ शॉवरपासून जेमतेम अडीच मीटर उंच. म्हणजे पाव बार. एवढ्यावर छोटा शॉवर निभावतो, मोठ्यातून नुसतं ठिबकतं. पंप घ्या, त्याची वायर ओढा, वर त्याचा आवाज ऐका. दादा गप्प झाले.

तेवढ्यात ताईंनी पिशवीतून वही काढली. "मॅडम, यातलं काय नंतर बदलायचं म्हटलं तर भिंत फोडावी लागेल?"

हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडून क्वचितच येतो. आम्ही तिथेच उभ्याउभ्या दोन रकाने पाडले. फोडावं लागेल त्यात वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरिंग, फरशीचा ढाळ, गटाराचा वास अडवणारा फरशीखालचा ट्रॅप आणि गरम-गार पाणी मिसळून नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर. डायव्हर्टरवर मी जरा जास्तच बोलले असेन, पण त्याची बॉडी भिंतीत गाडली जाते. प्लास्टर, चिकटवायचा मसाला आणि टाइल यांची जाडी धरून ती बसवावी लागते. जास्त आत गेली तर मूठ पोचत नाही, बाहेर राहिली तर वरची प्लेट भिंतीला टेकत नाही. म्हणून टाइल आधी ठरवायची, प्लंबर नंतर बोलवायचा. प्रत्यक्षात सगळीकडे उलटं चालतं. बॉडी पितळेचीच घ्यायची आणि पाणी सोडणारं-थांबवणारं आतलं कार्ट्रिज पुढेही मिळत राहील अशा कंपनीची. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी तुंबवून निदान चोवीस तास ठेवायचं असतं, अठ्ठेचाळीस ठेवलं तर उत्तमच. ठेकेदार संध्याकाळीच बोळा काढतो आणि "झालं की, मॅडम" म्हणतो. गीझरला चार स्क्वेअर एमएमची वायर सांगितली तर अडीचची ओढून ठेवतो. एकदा टाइल लागली की विचारणार कोण?

दुसऱ्या रकान्यात नळ, दिवे, रंग, स्विचच्या प्लेटा, कपाटांची दारं, ड्रॉवर ज्यांवर सरकतात त्या चॅनल. हे सगळं स्क्रू-ड्रायव्हरनं किंवा ब्रशनं बदलता येतं, तेव्हा आत्ता साधं चालेल.

पहिल्या रकान्यानं जवळजवळ सगळे पैसे खाल्ले, आणि ते बरोबरच होतं. मग दादा हळूच म्हणाले, "शॉवर नको. पण पुढेमागे घ्यायचा झाला तर पाइपसाठी फोडावं लागेलच ना?" नियमानं त्यांचं खरं होतं. छतापर्यंत पाइप नेऊन तोंड बंद करायचं आणि टाकीपाशी पंपाचा पॉइंट काढून ठेवायचा, असं ठरलं. तेवढे पैसे दुसऱ्या रकान्यातून काढायचे होते. ताईंनीच पेन्सिल फिरवली आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरच्या सॉफ्ट-क्लोज, म्हणजे अलगद बंद होणाऱ्या चॅनल खोडल्या.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंही, हिशेब चोख होता, आणि नियम त्यांचाच. पण तेव्हापासून मी जुन्या कोटेशनची फाइल चाळतेय. 'नंतर बघू' म्हणून काय काय खोडलं गेलं? ड्रॉवर, ओट्यावरचा दिवा, कोपऱ्यातल्या कपाटातलं फिरतं स्टँड. भिंत फोडावी लागत नाही अशा वस्तू बहुतेक स्वयंपाकघरातल्याच. त्या नंतर बदलल्याचंही फारसं पाहण्यात नाही, कारण घर चालू झालं की सुताराला कोणी परत बोलवत नाही.

काल ताईंना फोन केला. वरच्या कपाटांची दारं साध्या लॅमिनेटची केली, तर खालच्या दोन जड ड्रॉवरना तरी चांगल्या चॅनल बसतात, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते."