कोळंबीत बूट घालून उतरलेला पाहुणा

पुतणीच्या लग्नासाठी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या बागेत आम्ही तीन दिवस राहिलो. हळद झाली, लग्न झालं, रिसेप्शन झालं, पुतणी देखणी दिसली आणि डिचोलीचे व्याही माणसं म्हणून फार चांगली निघाली. तरीही आठवडा झाला, माझ्या डोक्यातून हळदीच्या संध्याकाळची ती दहा मिनिटं जात नाहीत.

जागा वाळपईच्या आत, जंगलाला लागून. जुनं कौलारू घर, पुढे मांडव, मागे काजूची बाग आणि बागेच्या टोकाला काजूच्या फळांच्या रसाची दारू, म्हणजे फेणी, गाळायची भट्टी. ती लग्नासाठी उभारलेली सजावट नव्हती. एप्रिल संपत आला होता, हंगाम जोरात होता आणि भट्टी खरोखर पेटलेली होती. आमच्या पॅकेजमध्ये ‘फेणी टूर’ होती, म्हणून हळदीचे हात धुऊन चाळीसेक जण तिकडे निघालो.

माहिती सांगणारा मुलगा गोड होता आणि मराठीत नीट सांगत होता. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. रसात बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, तो तीनेक दिवसांत आपसूक आंबतो. तो भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, उकळून पहिल्या धारेला मिळतो तो हुर्राक. हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी. उंचावरून ओतली की फेस येतो, त्यावरूनच हे नाव पडलं, असं सांगून त्याने ओतून दाखवली. लोकांचं लक्ष मात्र छोट्या ग्लासांकडे होतं. मला त्यात वावगं वाटलं नाही, लग्नघर आहे, चालायचंच.

मग आम्ही कोळंबीपाशी आलो. आपल्याकडे कोळंबी म्हटलं की मासळी डोळ्यांपुढे येते. गोव्यात त्या मासळीला सुंगटं म्हणतात, आणि कोळंबी म्हणजे बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवायची दगडात कोरलेली उथळ टाकी. ती काठोकाठ भरलेली होती. पिवळे, केशरी, लाल बोंडू, बिया काढून टाकलेले, आणि त्यांचा तो गोड, थोडा उग्र वास. शेजारी एक मावशी पाय धूत बसल्या होत्या, तुडवायला उतरायच्या बेतात. तेवढ्यात आमच्याच बाजूचा एक मुलगा मित्राच्या हातात मोबाइल देऊन पांढऱ्या बुटांसकट टाकीत उतरला आणि नाचायला लागला. टाळ्या पडल्या. आणखी दोघे उतरले.

मी ओरडले, पण डीजेच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसावं. ते बाहेर आले, बूट गवताला पुसले आणि हसत मांडवाकडे गेले. मावशींनी आवाज चढवला नाही. टोपली घेऊन त्या बोंडू उपसायला लागल्या आणि झाडीत नेऊन ओतायला लागल्या. मी पदर खोचून मदतीला गेले तेव्हा म्हणाल्या, “बाय, बूट काढून आला असता तर मीच सांगितलं असतं नाच म्हणून.”

मी तडक व्यवस्थापकाकडे गेले. नुकसान आम्ही भरतो म्हटलं. तो नम्रपणे म्हणाला, “ताई, ते पॅकेजमध्ये धरलेलं असतं.” मला रडू यायचं बाकी होतं. पैसे कुणाला मिळतात तो प्रश्न वेगळाच. पण माणसाचं दोन दिवसांचं वेचणं आधीच हिशेबात धरून ठेवायचं आणि पाहुण्यांना मोकळं सोडायचं, हा कसला पाहुणचार?

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारचा होता. मी सहाला उठून मावशींबरोबर बागेत गेले. बोंडू झाडावरून तोडायचे नाहीत, पिकून खाली पडलेलेच घ्यायचे. काठीच्या टोकाला खिळा असतो, त्याने टोचून उचलायचे, बी पिळून वेगळी करायची. मावशींचा हात न बघता चालत होता. मला पहिल्या अर्ध्या तासात कमरेने सांगितलं की हे काम काय आहे. एका झाडाखाली गवे रात्री येऊन सगळं खाऊन गेले होते. “त्यांचाही वाटा असतो,” त्या म्हणाल्या. रसाचा डाग कपड्यावरून जात नाही असं त्यांनी बजावलं होतं, तरी माझ्या सुती साडीवर तीन पडलेच. ती साडी मी आता टाकणार नाही.

साडेनऊला त्यांनी पेज काढली. उकड्या तांदळाची, सोबत चेपणातली तोरं, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या. लग्नाच्या बुफेत पनीरचे तीन प्रकार होते आणि खतखत्याचा, म्हणजे गोव्याच्या मिश्र भाजीचा, पत्ता नव्हता. गोव्यात, गोव्याच्या व्याह्यांबरोबर! तीन दिवसांतलं सर्वांत चांगलं जेवण मी काजूच्या झाडाखाली जेवले.

लग्न लागलं, अक्षता पडल्या. पंगतीत तो मुलगा भेटला, त्याला मी सगळं सांगितलं. त्याने मनापासून माफी मागितली, पण माझी. भट्टीकडे जा म्हटलं, हो म्हणाला. गेला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मावशींनी मला थांबवलं. आदल्या दिवशी आम्ही वेचलेले बोंडू दुपारी तुडवले होते, चोथा रात्रभर दगडाखाली दाबून ठेवला होता आणि त्यातून थेंब थेंब निथळलेला नीरो त्यांनी बाटलीत भरून आणला होता. स्वच्छ, पाण्यासारखा. “बूच घट्ट लावू नको, आणि दुपारच्या आत पी.”

केरीवरून चोर्ल्याचा घाट चढलो. माथ्यावर गाडी थांबवून मी बूच काढलं तर फस्स झालं, कडेने बारीक फेस आला. ह्यांनी एक घोट घेतला, मी एक घेतला. गोड, आणि शेवटी जिभेला किंचित धरणारा. उरलेला जांबोटीपर्यंत आम्ही आळीपाळीने प्यायलो.