निदणाचा रविवार

बुधवार, १५ जुलै

सकाळपासून पाऊस नुसता ओततोय, लाईट दोनदा गेली आणि दुपारी चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन, या रविवारी येत नाही, ताई तुम्हीच संदेश घ्या, म्हणजे प्रवचन करा. त्यांच्याकडे तीन मंडळ्या, त्यामुळे हे काही नवीन नाही, मी शाळेतून रिटायर झाले तेव्हापासून महिन्याचे दोन रविवार माझ्याच गळ्यात असतात, हिला आता काय काम असं सगळ्यांना वाटतं.

पण यावेळी खरं सांगायचं तर मनातून बरं वाटलं. बोलायचंच होतं मला. एप्रिलात चर्चची शाकारणी झाली, त्याचा हिशोब ज्यांच्याकडे होता त्यांचा मेळ लागत नाहीये, अकरा हजार कमी, विचारलं तर पावत्या भिजल्या म्हणतात. अर्ध्या मंडळीचं म्हणणं यांचं नाव सभासदांच्या यादीतून काढा. मी त्या अर्ध्यात. आणि हेच गृहस्थ एकदा मीटिंगमध्ये म्हणाले होते की बायकांनी संडे स्कूल सांभाळावं, पुलपिट, म्हणजे प्रवचनाची जागा, आमच्यावर सोडावं. ते मी विसरले नाहीये, विसरले असं दाखवते एवढंच.

म्हणून संदेशासाठी मनात मत्तय १८ पक्कं केलं, म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन सांग, मग आणखी एकादोघांना साक्षीला ने, मग मंडळीला सांग, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परक्यासारखा. अगदी मापाचं.

रात्री ताईकडे व्हिडिओ कॉल. ताई लग्न होऊन रांचीला गेली, भावोजी तिथे लूथरन मंडळीत, म्हणजे मार्टिन लूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या चर्चमध्ये, पाळक आहेत. तिकडे जर्मनीहून गॉसनर मिशनचे लोक १८४५ साली आले, आणि इकडे आपल्या बाणकोटला स्कॉटिश मिशनरी त्याच्या वीसेक वर्षं आधी येऊन राहिले होते, हे मी भावोजींना दरवेळी ऐकवते. लॉकडाऊनमध्ये हा बुधवारचा अभ्यास सुरू झाला तो अजून चालू आहे, नेट असेल तेव्हा.

मत्तय १८ घेतेय म्हटल्यावर भावोजी एवढंच म्हणाले, "रविवारी तर तेरावा अध्याय आहे."

म्हणजे त्यांचा तक्ता. लेक्शनरी. दर रविवारचा शास्त्रपाठ आधीच ठरलेला, तीन वर्षांचं चक्र, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान मधे मधे सणांना येतो. हे वर्ष मत्तयाचं. वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळात सुरू होतं. मग नाताळ, प्रकटीकरण, लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, ईस्टर, पवित्र आत्म्याचा सण पेन्टेकॉस्ट, असं निम्मं वर्ष ख्रिस्ताच्या आयुष्याबरोबर चालायचं, आणि पेन्टेकॉस्टनंतरचं निम्मं वर्ष सणबीण फारसे नाहीत, नुसतं शिकायचं, त्याचा रंग हिरवा. आमच्याकडे टेबलावर बारा महिने पांढरंच कापड असायचं. मीच दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींनी दिलेल्या हिरव्या ब्लाऊजपीसला कडा शिवून पुलपिटवर घातला. जून-जुलैत बाहेर कुंपणाच्या दगडांवरसुद्धा शेवाळ चढलेलं असतं, तेव्हा तो रंग कोणाला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

मी म्हटलं भावोजी, आम्ही काही लूथरन नाही, मी आपला पाठ निवडू शकते. हो म्हणाले. आणि म्हणाले, पण मग रविवारी बोलणार कोण, शास्त्र की तू?

राग आला. फोन ठेवल्यावर ताईला मेसेज टाकला की तुझ्या नवऱ्याला सांग जरा. तिने हसण्याचा इमोजी पाठवला फक्त.

शनिवार, १८ जुलै

तेरावा अध्याय म्हणजे गेल्या रविवारी पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, होऊन गेला. तो पाळकसाहेबांनी घेतला होता आणि मागच्या बाकावर कुजबुज चाललेली, की हा कसला शेतकरी, वाटेवर बी टाकतो, खडकावर टाकतो. आपल्याकडे तरवा काढून चिखलात एकेक काडी हाताने लावायची, त्यांना ते मूठभर उधळणं बघवेना. मला वाटतं त्या दाखल्यातली उधळपट्टी कोकणातल्या माणसाला जेवढी टोचते तेवढी दुसऱ्या कोणाला टोचत नसेल, आणि टोचायलाच हवी ती.

उद्या त्याच्या पुढचा, निदणाचा, म्हणजे तणाचा. गव्हाच्या शेतात रात्री वैरी येऊन निदण पेरून जातो, चाकर म्हणतात उपटू का, मालक म्हणतो नको, निदण उपटताना गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. ते तण ओंबी येईपर्यंत गव्हासारखंच दिसतं म्हणे. आमच्याकडे भातात बेणणीला बाई उतरते तेव्हा तीसुद्धा नवशिक्या मुलीला बांधावर बसवते, कारण ती तणाबरोबर भातही उपटून टाकते. हे मी लहानपणी स्वतः केलंय आणि आजीचा धपाटा खाल्लाय.

संध्याकाळपर्यंत टिपणं काढत बसले. भावोजींनी शिकवलेली रीत, चार पदरांची. लूथर म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, त्याचा एक न्हावी होता, पीटर, त्याने प्रार्थना कशी करायची विचारलं तर लूथरने १५३५ साली त्याच्यासाठी छोटं पुस्तकच लिहून दिलं. त्यात सांगितलंय की एकेक आज्ञा घ्यायची आणि तिचे चार पदर करायचे, यात शिकवण काय, उपकार कशाचे मानू, कबूल काय करू, मागू काय. आपली अबोलीची वेणी असते तसं. पहिले दोन पदर पटकन होतात. तिसऱ्याशी मी अडकले. कबूल काय करू? लिहिलं, "मला ते गृहस्थ निदणच असायला हवे आहेत." मग खोडलं. मग परत लिहिलं.

जेवणानंतर भावोजींना फोन केला, राग गेला होता. म्हटलं लूथरने यावर काय सांगितलंय? म्हणाले बरंच, १५२५ च्या सुमाराला याच दाखल्यावरून त्याने लिहिलंय की खोटं शिकवणाऱ्यांना ठार मारायचं नाही, कारण आज चुकलेला उद्या वळेल, आणि तुम्ही त्याला मारलंत तर ती वाटच बंद. (याच माणसाने १५४३ साली ज्यू लोकांविरुद्ध इतकं भयंकर लिहिलं की वाचवत नाही. भावोजी ते कधी झाकत नाहीत, म्हणून त्यांच्या बाकीच्यावर माझा विश्वास बसतो.)

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी उठून बसले. १५४६ च्या जानेवारीत लूथर आजारी असताना आइसलेबेनला गेला, त्याचं जन्मगाव ते. कशाला, तर मान्सफेल्डचे सरदार, भाऊभाऊ, त्यांचं आपसात मालमत्ता-हक्कांवरून फाटलेलं, ते मिटवायला. आणि तिथे ७ फेब्रुवारीच्या रविवारी प्रवचन करायची वेळ आली, तर जुन्या एक वर्षाच्या क्रमात त्या रविवारी पाठ कुठला, हाच. निदणाचा. त्यानेही तो निवडला नव्हता. त्यानंतर अकरा दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, तिथेच तो गेला. भांडण मिटवायला गेलेल्या म्हाताऱ्याच्या हातात तक्त्याने हाच कागद दिला.

रात्री पाऊस थोडा थांबला, बेडूक सुरू झाले. टिपणं सगळी परत लिहिली. भावोजींचं नेहमीचं, आधी नियमशास्त्र मग सुवार्ता, म्हणजे आधी सुरी मग मलम, पण सुरी पहिल्यांदा स्वतःवर चालवून बघ. माझ्या कच्च्या टिपणात नुसती सुरी होती आणि तिचं टोक तिसऱ्या बाकाकडे.

रविवार, १९ जुलै

तेवीस माणसं आली, एवढ्या पावसात बरीच म्हणायची. ते गृहस्थही आले, छत्री दाराशी उलटी करून ठेवली आणि नेहमीच्या जागी. नव्या कौलांतून एक थेंब नेमका ऑर्गनच्या बाजूला पडत होता, कोणीतरी खालून बादली सरकवली, त्याचा टप टप आवाज संपूर्ण उपासनाभर.

मी आजीच्या धपाट्यापासून सुरुवात केली. लोक हसले. मग सांगितलं की चाकरांची चूक एवढीच नव्हती की त्यांना घाई होती, चूक ही की आपल्याला ओळखता येतं याची त्यांना खात्री होती. मग ते सरदार भाऊ आणि म्हातारा लूथर. शेवटी म्हटलं, मला हा पाठ नको होता, मला दुसरा हवा होता, कोणासाठी ते देवाला माहीत आहे. इथे आवाज जरा फाटला माझा. पुढचं पान सोडून दिलं आणि सरळ गीत सांगितलं, नारायण वामन टिळकांचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म त्यांचा, म्हणून आमच्याकडे ते जरा जास्तच जोरात गातात.

बाहेर पडताना आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या बायने हात धरला. "गो बाय, ह्यो दाखलो तू मुद्दाम काढलंस, होय मा?" मी मोबाईलवर तक्ता उघडून तारीख दाखवली. तिला चष्म्याशिवाय दिसेना. ते गृहस्थ मागेच उभे होते, त्यांनी वाकून वाचली, मोठ्याने, "एकोणीस जुलै, मत्तय तेरा," आणि वर बघून म्हणाले, "छापलेलंच आहे की." बस, एवढंच. माफीबिफी काही नाही, माझीही नाही. पावत्यांचं काहीच बोलणं झालं नाही.

घरी येऊन पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली, मग तक्ता परत चाळत बसले. माझा मत्तय १८ आहे त्यात, ६ सप्टेंबरला. साक्षीदार, मंडळीला सांगणं, सगळं. म्हणजे हिशोब टळलेला नाही. आणि त्याच्या पुढच्या रविवारी, १३ तारखेला, गणपतीच्या आदल्या दिवशी, त्याच अध्यायाचा उरलेला भाग, राजा चाकरांचा हिशोब घ्यायला बसतो तो.

पाळकसाहेबांना मेसेज केला की सप्टेंबरचे ते दोन रविवार माझ्याकडे ठेवू नका. मग पाच मिनिटांनी डिलीट केला. त्यांनी आधीच वाचला होता.