बद्द आवाज: भाड्यासाठी घर घेतानाचा माझा अनुभव

भाड्याने देण्यासाठी मी पहिलं घर घेतलं तेव्हा माझ्या वहीत तीनच आकडे होते: किंमत, कर्जाचा हप्ता आणि अपेक्षित भाडं. दुरुस्तीचा रकानाच नव्हता. घर नुकतंच रंगवलेलं होतं, नळ नवे होते. दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा जेमतेम पंधरा मिनिटं.

चौथ्या महिन्यात भाडेकरूचा फोन आला की बेडरूमच्या भिंतीचे पोपडे सुटतायत. मी रंगारी पाठवला. त्याने खरवडलं, पुट्टी भरली, रंग दिला. दीड महिन्यात तीच जागा पुन्हा फुगली, वर पांढरी भुकटी. परत रंग. तिसऱ्या खेपेला जो गवंडी आला, तो भिंतीकडे बघतच थांबला नाही. पलीकडच्या बाथरूममध्ये गेला आणि छिन्नीच्या मुठीने एकेक लादी ठोकत फिरला. कोपऱ्यात आवाज बदलला. ‘‘ताई, इथे बद्द वाजतंय. खाली पोकळ आहे. पाणी इथून शिरतंय आणि दिसतंय तिकडे.’’

नहाणी ट्रॅपभोवतीचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीभोवतीचं, वॉटरप्रूफिंग गेलं होतं. पाणी लादीखालच्या भरावात मुरायचं, भिंतीत चढायचं आणि येताना क्षार घेऊन यायचं. पाणी वाळलं की क्षारांचे स्फटिक मागे राहतात आणि वाढता वाढता रंग ढकलून देतात. यालाच लोणा लागणं म्हणतात, आणि त्यावर रंग हा इलाजच नाही. अख्खं बाथरूम फोडावं लागलं. दोन वेळचा वाया गेलेला रंग, फोडकाम, नवी लादी आणि काम चालू असताना सोडून दिलेलं एक महिन्याचं भाडं धरून पहिल्या वर्षाचं पाच महिन्यांचं भाडं त्यात गेलं. हे शेवटचं, बुडालेल्या भाड्याचं कलम तर अंदाजपत्रकात सहसा कोणीच धरत नाही.

दुसरं घर घेताना मी ठरवलं, इसार द्यायचा तो तपासणी झाल्यावरच. विकणाऱ्याला आधीच तसं सांगितलं. तो थोडा नाराज झाला, पण तयार झाला. आणि घर पाहायला मुद्दाम पावसानंतरचा दिवस धरला. कोरड्या दिवसांत ओल रंगाखाली सहज लपते.

स्ट्रक्चरल इंजिनिअर जवळपास तीन तास घरात होते. स्वयंपाकघराच्या बीमला खालून एक लांबट भेग होती, केसाएवढी. मला ती गिलाव्याची वाटली. ते म्हणाले, भेग सळईच्या रेषेतच जातेय, हे चांगलं लक्षण नाही. मालकाला विचारून त्यांनी तिथला गिलावा काढला, काँक्रीटचा छोटा टवका उडवला आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं, म्हणजे अल्कधर्मी पदार्थावर गुलाबी होणारं रसायन. आतला भाग गडद गुलाबी झाला, बाहेरचा तसाच राखाडी राहिला. काँक्रीट अल्कधर्मी असतं, तोवर आतली सळई सहसा गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो आणि तो अल्कधर्म कमी करतो. जिथे रंग येत नाही, तिथे हे संरक्षण संपलेलं असतं. या बीममध्ये तो बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला होता. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आतून दाब येऊन काँक्रीट फुटतं. बाकीचे बीम-कॉलम ठोकून पाहिले, ते खणखणीत निघाले. त्या एका बीमने मी घाबरले होते खरी, पण एकच बीम आहे, दुरुस्त होण्यासारखा आहे, आणि खर्च अमुक येईल, हे कळल्यावर भीतीची जागा आकड्याने घेतली.

वायरमनने बोर्ड उघडले. जुन्या वायरीचं आवरण बोटाने दाबलं तरी चुरा होत होतं, आणि माणसाला शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा लीकेज ब्रेकर नव्हताच. बाथरूमची तपासणी सोपी होती. ट्रॅप बंद करून इंचभर पाणी २४ तास भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या घरातलं छत पाहिलं. कोरडं होतं.

या सगळ्यांची फी मिळून अर्ध्या महिन्याच्या भाड्याहूनही कमी झाली.

मग हिशोब. घराच्या किमतीच्या १ टक्का रक्कम दर वर्षी दुरुस्तीसाठी बाजूला काढावी, असा ठोकताळा सगळीकडे ऐकायला मिळतो. या घराचं वर्षाचं भाडं किमतीच्या ४ टक्के होतं, म्हणजे १ टक्का म्हणजे तीन महिन्यांचं भाडं. पण मला तो ठोकताळा पटत नाही. किमतीत जमिनीचा भाव असतो आणि जमीन गळत नाही, गंजत नाही. महागड्या जागेतलं नवं घर आणि स्वस्त जागेतलं जुनं घर यांना एकच टक्का लावून कसं चालेल?

म्हणून प्रत्येक गोष्टीचं उरलेलं आयुष्य विचारून घेतलं आणि खर्चाला त्याने भागलं. वायरिंग: सहा महिन्यांच्या भाड्याइतका खर्च, फार तर ४ वर्षांत, म्हणजे वर्षाला दीड महिना. दोन्ही बाथरूमचं वॉटरप्रूफिंग: पाच महिने, ५ वर्षांत, वर्षाला एक महिना. रंग: दोन महिने, दर ४ वर्षांनी, वर्षाला अर्धा. गीझर अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतका, पण ७ वर्षं वापरलेला, म्हणून ३ वर्षं धरली. नळ, कुलपं, तुंबलेले पाइप यांना अर्धा महिना. बेरीज साडेतीन महिन्यांच्या थोडी वरच गेली. ठोकताळ्याहून जास्त.

लीकेज ब्रेकर आणि बीम या यादीत घेतलेच नाहीत. जिवाशी खेळ असलेलं काम हप्त्याहप्त्याने पुढे ढकलायचं नसतं. ती दोन कामं भाडेकरू येण्याआधी होणार, हे पक्कं होतं. बीमचा खर्च इंजिनिअरच्या अहवालासकट विकणाऱ्यासमोर ठेवला. त्याने किंमत तेवढी उतरवली नाही, पण निम्म्याहून जास्त उतरवली. उरलेला मी सोसला, आणि काँक्रीट फोडल्यावर आत काय निघेल सांगता येत नाही म्हणून अंदाजावर १५ टक्के जादा धरले. त्यातले बरेचसे लागले. सळई धरली होती त्यापेक्षा हातभर पुढपर्यंत गंजली होती.

भाडं जमा झालं की त्यातला ३० टक्के भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जातो. त्या खात्याचं कार्ड मी घेतलेलं नाही. तिसऱ्या वर्षी जुना भाडेकरू गेला आणि नवा यायच्या मधल्या तीन आठवड्यांत वायरिंग बदलून घेतलं, ठरल्यापेक्षा वर्षभर आधी, कारण घर तसंही रिकामं होतं. खात्यात तेवढे पैसे होते. आता त्या यादीत वायरिंगसमोर नवी तारीख आहे, आणि पुढचा क्रमांक बाथरूमचा. मागच्या महिन्यात मी स्वतः जाऊन सगळ्या लाद्या ठोकून आले. एका कोपऱ्यात आवाज किंचित बद्द वाटला. गवंड्याला या रविवारी बोलावलं आहे.