विसराळू चुंबक आणि टेकडीवरची माती

मी फिजिक्सची. पीएचडी फेराइट्सवर, म्हणजे मॅग्नेटाइटसारख्या लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडांवर. पूड बनवायची, क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघायला एक्सआरडी काढायचा, व्हीएसएम या चुंबकत्व मोजणाऱ्या मशीनवर लूप, म्हणजे क्षेत्र वाढवत-कमी करत चुंबकत्वाचा आलेख घ्यायचा आणि पेपर लिहायला बसायचं, हा आमच्या लॅबचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्यात डीएनए कुठेच बसत नव्हता. पण पुण्यात गणेशखिंडीपासून पाषाणपर्यंत विद्यापीठ आणि एनसीसीएस, एनसीएल, आयसर या संशोधन संस्था हे सगळं एका रिक्षाभाड्याच्या टप्प्यात असल्यामुळे इथे माणसं एकमेकांना भेटतात, बहुतेक वेळा चहाच्या रांगेत. तशीच एका कार्यशाळेत एक सूक्ष्मजीवशास्त्रवाल्या ताई भेटल्या. मातीतल्या जीवाणूंवर त्यांचं काम. मी काय करते हे ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मॅग्नेटाइट बनवतेस ना? मग आम्हाला डीएनए पकडायचे बीड्स, चुंबकीय मणी, बनवून दे की! त्यांच्या तयार किटवर किती पैसे जातात, कल्पना आहे का तुला?"

मला कल्पना नव्हती. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "कर की. पण लूप नीट आला पाहिजे."

ताईंना हवं होतं ते थोडक्यात असं. पेशी फोडल्या की डीएनए, प्रथिनं, चरबी सगळ्याचा काला होतो. त्यातून फक्त डीएनए उचलायचा. १९९० मध्ये बूम आणि सहकाऱ्यांनी यासाठी ग्वानिडिनियम थायोसायनेट आणि सिलिका यांची पद्धत मांडली. हे क्षार भरपूर असले की डीएनएभोवतीचं पाण्याचं कवच ढळतं आणि तो सिलिकाला चिकटतो. मग अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी कमी क्षाराच्या पाण्यात तो परत सुटा करायचा. सिलिकाच्या पोटात चुंबकीय पदार्थ असेल, तर दर वेळी सेंट्रीफ्यूज लावायला नको. ट्यूबला चुंबक लावला की बीड्स भिंतीला जातात आणि पाणी ओतून देता येतं. काम एवढंच. निदान ऐकायला तरी.

पहिला टप्पा माझ्या हातचा होता. मासार यांनी १९८१ मध्ये मांडलेली को-प्रेसिपिटेशनची पद्धत आता एमएस्सीची पोरंही करतात. फेरिक क्लोराइड आणि फेरस क्लोराइड दोनास एक या प्रमाणात घ्यायचं, पाण्यातून नायट्रोजन सोडायचा, गरम करायचं आणि जोरात ढवळत अमोनिया घालायचा. नारिंगी द्रावण क्षणात काळं कुट्ट होतं. मी ते कितीदा पाहिलंय, तरी त्या क्षणी बीकरवरची नजर हलत नाही. नायट्रोजन कमी पडला की काळ्यात तपकिरी झाक येते, म्हणजे मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट व्हायला लागलं. एक्सआरडीत दोघांच्या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात, त्यामुळे इतक्या बारीक पुडीत दोन्ही किती किती आहेत हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ३५.५ अंशांजवळची रेषा मात्र छान रुंद आली, आणि रेषेच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने कणांचा आकार दहा नॅनोमीटरच्या आसपास निघाला. हवा होता तसाच.

मग व्हीएसएमचा स्लॉट. आमच्याकडे तो नाही, शेजारच्या संस्थेत आहे, आणि तिथे रांग असते. सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली अशी उपकरणं शोधता येतात, पण पुण्यात असाल तर ओळखीच्या ऑपरेटरला फोन करणं अजूनही जास्त फळतं. हे मशीन फोनर यांचं, त्यावरचा त्यांचा सविस्तर पेपर १९५९चा. तत्त्व अगदी साधं: एकसारख्या चुंबकीय क्षेत्रात नमुना वर-खाली थरथरवायचा आणि शेजारच्या कॉइल्समध्ये किती व्होल्टेज येतं ते मोजायचं. आधी निकेलच्या प्रमाणित तुकड्यावर मशीन लावून घेतात. मग आपली काही मिलिग्रॅम पूड टेफ्लॉनच्या टेपमध्ये घट्ट गुंडाळायची, अगदी घट्ट, कारण आत पूड हलली तर रीडिंग नाचतं. आणि चमचा प्लॅस्टिकचाच. तिथल्या ऑपरेटर काकांनी स्टीलच्या स्पॅच्युलावर कायमची बंदी घातली आहे. एखादा कण नमुन्यात गेला तर लूपला कोअर्सिव्हिटी फुटते, म्हणजे तो मधोमध उघडतो, आणि विद्यार्थी नवा शोध लागल्यासारखे नाचायला लागतात, असं त्यांचं म्हणणं.

लूप आला. खरं तर लूप आलाच नाही, आणि तेच हवं होतं. एका अंगाने चढणारी रेष आणि परत येणारी रेष एकमेकींवर बसलेल्या, बरोब्बर मूळबिंदूतून जाणाऱ्या. क्षेत्र शून्य केलं की चुंबकत्वही शून्य. ठोक, म्हणजे मोठ्या तुकड्यातल्या मॅग्नेटाइटचं संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त चुंबकत्व दर ग्रॅमला ९२ ईएमयूच्या आसपास असतं, आमचं साठीच्या घरात. कण इतके लहान असले की पृष्ठभागावरचे स्पिन, म्हणजे अणूंचे इवले चुंबक, रांगेत उभे राहत नाहीत, शिवाय थोडं ऑक्सिडेशन झालेलं असतंच. सरांना आकडा कमी वाटला. ताईंना ग्राफ पाठवला, तर त्यांनी आकड्याकडे बघितलंच नाही. "चुंबक काढल्यावर सुटतात का?" एवढंच विचारलं.

मला तेव्हा लक्षात आलं की त्या माझ्याच ग्राफबद्दल विचारताहेत. चुंबक काढल्यावरही कणांत चुंबकत्व उरलं, तर ते एकमेकांना धरून ठेवणार, बीड्सचे गठ्ठे होणार आणि धुताना मधली घाण आतच अडकणार. नील यांनी १९४९ मध्ये याचं गणित मांडलं. कण जितका लहान, तितकी त्याची चुंबकीय दिशा उष्णतेच्या धक्क्यांनीच पालटत राहते, आणि हा पालटण्याचा वेळ कणाच्या घनफळावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो. व्यास दुप्पट केला तर घनफळ आठपट होतं, आणि पालटायला लागणारा वेळ सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागावरून थेट वर्षांवर जाऊ शकतो. आमचे दहा नॅनोमीटरचे कण विसराळू. चुंबक आहे तोवर आज्ञाधारक, गेला की ओळख नाही.

मग अडचण कुठे होती? बुधवार पेठेतून आणलेला निओडायमियमचा चुंबक ट्यूबला लावला, आणि काहीच झालं नाही. दहा मिनिटांनंतरही पाणी काळंच. व्हीएसएममध्ये इतका दणदणीत प्रतिसाद देणारी पूड साध्या चुंबकाकडे जाईना. कारण कणावरचं ओढणारं बल त्याच्या घनफळाच्या प्रमाणात असतं, आणि दहा नॅनोमीटरच्या सुट्या कणाला पाण्याचे रेणू सहज इकडेतिकडे ढकलतात. म्हणजे विसरायला कण लहान हवा आणि ओढला जायला मोठा. फिजिक्सवाल्यांच्या लॅबमध्ये हा पेच कधी येतच नाही, कारण पुडीला कुठे जायचंच नसतं.

यावरचा तोडगा नॉर्वेच्या उगेलस्टॅड यांच्या कामात सापडतो. एकसारख्या आकाराचे पॉलिमरचे गोळे, आणि त्यांच्या आत लोह-ऑक्साइडचे असंख्य बारीक कण. प्रत्येक कण वेगळा राहून विसराळू, पण सगळे मिळून ओढ मोठी. डायनाबीड्स म्हणून जे विकत मिळतात, ते याच वंशाचे. आम्ही पॉलिमरऐवजी सिलिका घेतली. स्टोबर यांची १९६८ची पद्धत: अल्कोहोल, पाणी, थोडा अमोनिया आणि वरून थेंब थेंब टीईओएस, म्हणजे सिलिकाचा कच्चा माल. कण पूर्ण सुटे करायचे नाहीत, थोडे गुच्छात राहू द्यायचे, आणि त्या गुच्छावर सिलिकाची काच चढवायची. सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी कण सुटे करणारं यंत्र, किती वेळ चालवायचा यावर सगळी मदार. जास्त चालवला की बीड्स चुंबकाकडे जाईनात, कमी चालवला की डोळ्यांना दिसतील एवढ्या गुठळ्या.

महिने गेले ते इथे. काच जाड चढली की वजन वाढतं, पण त्या वजनात चुंबकत्व नसतं, त्यामुळे ग्रॅममागचा आकडा धाडकन खाली येतो आणि सरांचा चेहराही. पातळ चढली तर लोखंड बाहेर झिरपतं, आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया, तिच्यातल्या टॅक एन्झाइमचं लोहाच्या आयनांशी अजिबात जमत नाही. शिवाय उघडं लोह-ऑक्साइड डीएनएचा फॉस्फेट असा पकडतं की तो शेवटी सुटतच नाही. काच पूर्ण बसली की नाही हे बघायला टीईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा स्लॉट मिळेपर्यंत थांबायचं म्हणजे कल्पान्तच. त्यावर मला बारावीतलं सॉल्ट अ‍ॅनालिसिस उपयोगी पडलं. बीड्स विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायचे, चुंबकाने बाजूला घ्यायचे आणि वरच्या पाण्यात थायोसायनेटचा थेंब टाकायचा. फेरिक असेल तर पाणी रक्तासारखं लाल. पहिल्या काही बॅचेस लालभडक. मग गुलाबी. मग एकदा ट्यूब पांढऱ्या कागदावर धरली तरी रंग दिसेना, तेव्हा ताईंना मेसेज केला, "बीड्स तयार."

ताईंनी पहिल्याच दिवशी ब्लँक लावायला सांगितला. म्हणजे माती नाही, जीवाणू नाही, नुसते माझे बीड्स, आणि बाकी सगळी प्रक्रिया तीच. मला हे जरा अपमानास्पदच वाटलं. एक्सआरडीत दुसऱ्या फेजची, म्हणजे भेसळीची, एकही रेष नव्हती! पण जेलवर, म्हणजे जिथे डीएनए लांबीनुसार पट्ट्यांत वेगळा होतो, ब्लँकच्या खान्यात अंधूक बँड आला. आमच्या लॅबच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये जीवाणूंचा डीएनए तरंगत होता आणि सिलिकाने तो इमानेइतबारे उचलून आणला होता. फेराइट बनवताना पाण्यात कोण राहतं याची आम्हाला कधी पडलेली नसते. त्यानंतर काचसामान कोरड्या ओव्हनमध्ये भाजून घ्यायला लागलो, शेवटच्या धुण्यासाठी न्यूक्लिएज-फ्री पाणी आलं आणि लॅबमधल्या पोरांना माझ्या कपाटाला हात लावायची मनाई झाली.

आता खरी माती. ताईंनी ती वेताळ टेकडीवरून आणली होती. पेशी फोडल्या, बीड्स घातले, चुंबक लावला. बीड्स हलायच्या आधीच ट्यूबच्या भिंतीवर काळ्या बारीक वाळूचा ठिपका जमला. मी म्हटलं, गुठळ्या झाल्या वाटतं. पण बीड्स न घातलेल्या ट्यूबलाही तोच ठिपका. मग डोक्यात प्रकाश पडला: टेकडी बेसाल्टची आहे. दख्खनच्या लाव्हात टायटॅनोमॅग्नेटाइट, म्हणजे टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट असतं आणि तो झिजून झालेल्या मातीत ते उरतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला, आणि त्यातल्या बऱ्याच थरांत तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा अजून टिकून आहे, तीही आजच्या उलटी, कारण त्या काळात उत्तर-दक्षिण पालटलेली होती. माझे कण सेकंदभरही काही लक्षात ठेवत नाहीत आणि ही टेकडी डायनोसॉर गेले त्या काळापासून विसरलेली नाही. किट बनवणाऱ्यांनी पुण्याची माती डोळ्यांसमोर ठेवली नसणार. ते खडे बीड्सबरोबर भिंतीला येतात, त्यांच्यासोबत चिकणमाती येते आणि धुणं वाया जातं. उपाय सोपा निघाला: आधी एकदा सेंट्रीफ्यूज करून वरचंच पाणी घ्यायचं, त्याला एकदा नुसता चुंबक दाखवून उरलेसुरले खडे काढायचे आणि मगच बीड्स घालायचे. सेंट्रीफ्यूज टाळायला निघालो होतो आणि तोच पहिल्या पायरीला येऊन बसला, पण निदान एकदाच.

तरी पीसीआर बसेना. नॅनोड्रॉपवर, म्हणजे प्रकाशाच्या शोषणावरून डीएनएची शुद्धता बघणाऱ्या यंत्रावर, २६०/२८० नॅनोमीटरचं गुणोत्तर ठीक, २६०/२३०चं पडलेलं. २३०ला ग्वानिडिनियम थायोसायनेट दिसतं, आणि मातीतली ह्यूमिक आम्लंही. द्रावणाला चहासारखा रंग होता, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. ताईंनी नमुना दहापट पातळ करून परत लावला. डीएनए दहापट कमी, आणि तरीही बँड आला. म्हणजे डीएनए आधीही होता, फक्त सोबतच्या घाणीने एन्झाइम गुदमरत होतं. पुढे अल्कोहोलचं एक धुणं वाढवलं आणि पीसीआरमध्ये बीएसए हे प्रथिन घातलं. बीड्स वाळवायच्याही ओलसर असेपर्यंतच. खडखडीत वाळल्या की त्यांची पापडी होते आणि डीएनए आतच राहतो.

शेवटी जो जेल आला, त्यात १६एस या जीवाणूंच्या ओळखीच्या जीनचा बँड लॅडरच्या, म्हणजे लांबी मोजायच्या पट्टीच्या, दीड हजारच्या रेषेशेजारी ठळक, शेजारी किटचा तसाच, आणि ब्लँकचा खाना रिकामा. ताईंनी फोटो काढून पाठवला. सरांनी तो बघितला आणि विचारलं, "यात वाय-अ‍ॅक्सिस कुठला?"

पेपरवरून मात्र थोडी ओढाताण झाली. सरांना लूप पहिल्या आकृतीत हवा होता, ताईंना जेल. ताईंनी असंही सुनावलं की ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये वर्णन केलेले जीवाणू साध्या तापमानाला, नायट्रोजनच्या सिलिंडरशिवाय मॅग्नेटाइटचे स्फटिक बनवतात, तेही ओळीने मांडलेले. खरं आहे. पण त्यांना होकायंत्र हवं असतं, म्हणून त्यांचे स्फटिक साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचे, चुंबकत्व धरून ठेवणारे. ते आमच्या ट्यूबमध्ये सोडले तर गठ्ठाच होईल. हे मी बोलून दाखवलं आणि तो मुद्दा चर्चेच्या भागात गेला. पहिली आकृती दोन तुकड्यांची झाली.

सध्या ताई मातीसाठी आमचेच बीड्स वापरतात. रक्ताच्या किंवा थुंकीच्या नमुन्यांसाठी मी ते कोणाला देत नाही, बॅच-बॅचमध्ये अजून फरक पडतो. आता त्यांना एकदम लिटरभर हवे आहेत. मोठ्या भांड्यात सोनिकेटर मधोमध चालतो आणि कडेचे कण गुठळ्या धरतात, म्हणून तूर्त लहान बीकरमध्येच आळीपाळीने करतेय, आणि प्रत्येक बीकरमधला थोडा नमुना आधी आम्लात, मग थायोसायनेटचा थेंब.