तुम्ही विचारलंत म्हणून: अंगणवाडीत शिकवतात का हो काही?

मी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, होते, आता निवृत्त आहे. लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अंगणवाडीत शिकवतात का हो काही? का नुसती खिचडी?" विचारणाऱ्याचा नातू बहुधा तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीत असतो. पूर्वी मला राग यायचा. आता सांगते, शिकवतात, वेळ मिळाला तर.

जुलै 2024 मधली एक भेट सांगते. समाजमंदिरात भरणारी अंगणवाडी, वेळ सकाळी साडेदहाची. सेविका बाहेर पायरीवर बसलेली आणि तिच्याभोवती बायकांचा गराडा. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुकाची झेरॉक्स. 'लाडकी बहीण'चे अर्ज चालले होते. अर्जामागं 50 रुपये मिळणार असं जाहीर झालेलं. ओटीपी यायचा तो नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा रानात. मदतनीस आत शेगडीपाशी. सतरंजीवर चौदा पोरं, आणि त्यांच्यापुढं उभी राहून एक पाच वर्षांची मुलगी वर्ग घेत होती. हातात चिंचोके, बाईंचाच आवाज काढलेला: "पाच ठेव. मोज. नीट मोज, परत मोज." एका बारक्यानं चिंचोका नाकात घालायला घेतला, तो मी काढून घेतला. त्या दिवशीचं माझं शैक्षणिक कार्य एवढंच.

आता गंमत बघा. त्या अंगणवाडीत सेविकेचं पद भरलेलं होतं, मदतनिसाचंही. माझ्या मासिक अहवालात तिथं रिक्त पदं शून्य.

रिक्त पदं असतातच, नाही म्हणत नाही. सेविका त्याच गावची रहिवासी हवी, बारावी पास हवी, वय पस्तिशीच्या आत हवं. मोठ्या गावात एका जागेला अर्जांचा ढीग पडतो, वर रहिवासी दाखल्यावरून भांडणं. पाड्यावर मात्र बारावी झालेली सून मिळत नाही आणि जागा तशीच राहते. मग शेजारच्या सेविकेला अतिरिक्त कार्यभार. सोमवारी इथं, मंगळवारी तिथं. शिकलेल्या मदतनिसाला सेविका केलं, तर शेगडीपाशी कोण, हा प्रश्न उरतो. पण ही रिकामी जागा निदान कागदावर दिसते. पायरीवर बसलेल्या सेविकेमागची रिकामी जागा कुठल्याच तक्त्यात येत नाही.

अंगणवाडीची योजना सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 ला. साधारण 400 ते 800 लोकवस्तीला एक अंगणवाडी आणि सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. यातल्या पाचांचा आकडा वरून मागतात. किती वजनं घेतली, किती सॅम (तीव्र कुपोषित), किती मॅम (मध्यम कुपोषित), किती पाकिटं वाटली. 2021 पासून हे सगळं फोनमधल्या पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर भरायचं, आणि 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहराही जुळवायचा. वजन राहिलं तर मी सेविकेला फोन करायचे, कारण मला वरून फोन आलेला असायचा. गोष्ट सांगायची राहिली म्हणून मी कुणाला कधी फोन केला नाही. मलाही कुणी केला नाही.

त्यात भर जनगणनेची, मतदार यादीची. मतदार यादीच्या वेळी बाई सरकारी, पगाराच्या वेळी मानसेवी! म्हणून तर त्याला पगार नाही, मानधन म्हणायचं. एप्रिल 2023 पासून सेविकेला दहा हजार, मदतनिसाला साडेपाच हजार झाले, आणि त्याच वर्षी 4 डिसेंबरला राज्यभर संप सुरू झाला तो पन्नासहून जास्त दिवस चालला. पुढं आणखी थोडी वाढ मिळाली. नवीन शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेलीला वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. चांगलंच आहे. फक्त तो अभ्यासक्रमही त्याच बाईनं करायचा, तेही फोनवरचं काम आटपून.

याला तोड आहे, आणि ती करूनही पाहिलेली आहे. तमिळनाडूत 640 अंगणवाड्यांवर अभ्यास झाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांचे सहकारी त्यात होते. निम्म्या केंद्रांत फक्त शिकवायला म्हणून एक अर्धवेळ बाई जास्तीची दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली. शिवाय जुन्या सेविकेला आहाराकडं बघायला सवड झाल्यानं तीव्र कुपोषणही घटलं. माझ्या बीटात, म्हणजे माझ्या देखरेखीखाली, पंचवीस अंगणवाड्या होत्या. पंचवीस अर्धवेळ बायका म्हणजे आभाळ मागणं नव्हे. निदान सकाळी दहा ते बारा या वेळात सेविकेच्या हातात फोन द्यायचा नाही, एवढं तरी करा, असं मी दोनदा बैठकीत बोलले. दोन्ही वेळा चहा आला.

आणि "नुसती खिचडी" म्हणू नका. अंगणवाडी हा शब्दच आपल्याकडचा आहे. 1945 नंतर आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाडीत वस्तीतली पोरं येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तिथं शिक्षणाची सुरुवात पोरांचे हातपाय धुण्यापासून व्हायची. खाणं एकीकडं आणि शिकणं दुसरीकडं, ही वाटणी नंतरच्या रकान्यांनी केली.

त्या दिवशी निघताना भेटवहीत मी लिहिलं, "पूर्वशालेय शिक्षण सुरू असल्याचे दिसून आले." सेविकेनं सही करताना माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. तसं ते खोटं नव्हतं. त्या पोरीनं चौदा जणांकडून पाचापर्यंत मोजून घेतलंच होतं, तेही बिनमानधनाचं.