धावण्याची नोंद आता माझ्याच फोनात

आज पहाटे पहिल्यांदा ओपनट्रॅक्स हे धावण्याची नोंद ठेवणारं ॲप लावून साताऱ्यात चार भिंतींपासून अजिंक्यताऱ्यावर धावले. जुन्या फोनवर गुगलशिवायची लिनिएज ओएस (अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त सिस्टीम) टाकलीय. त्यामुळे नेहमीची धावण्याची ॲप्स धड चालत नव्हती, काही तर लॉगिनलाच अडायची. ओपनट्रॅक्स मात्र एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानात मोफत मिळालं. मुख्य म्हणजे ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, म्हणजे माहिती बाहेर जायला वाटच नाही!

एवढा हट्ट का? गेल्या वर्षी एका ॲपवर अनोळखी माणसाने माझ्या रूटखाली लिहिलं, "मॅडम, आज उशीर झाला निघायला?" पोटात गोळाच आला. माझी रोजची वेळ आणि घराचं फाटक दोन्ही त्या नकाशात होतं. 2018 मध्ये तर स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या हीटमॅपवरून, म्हणजे लोक कुठे जास्त धावतात ते दाखवणाऱ्या नकाशावरून, लष्करी तळ ओळखू आले होते. मग पहाटे एकटी धावणाऱ्या बाईने काळजी करू नये का?

उपग्रह सापडेपर्यंत आज थोडं थांबावं लागलं, तेवढ्यात वॉर्मअप उरकला. अंतर, वेग, वेळ सगळं नीट आलं. चढाईचा आकडा मात्र नाही, कारण तो हवेच्या दाबाच्या सेन्सरवरून काढतात आणि माझ्या फोनला तो सेन्सरच नाही. यवतेश्वरच्या घाटात सराव करायचा तर ही उणीव जाणवणारच. नकाशासाठी ओएसएमडॅशबोर्ड हे दुसरं ॲप वेगळं घ्यावं लागतं.

घरी येऊन धावलेल्या मार्गाची नोंद असलेली जीपीएक्स फाइल लॅपटॉपवर घेतली. सकाळच्या ग्रुपमधल्या कुणाला हवं असेल तर रविवारी फोन घेऊन या, मी बसवून देते.