आकडा एकच, रिव्हॉल्व्हर तीन

स्मिथ अँड वेसन कंपनीच्या एखाद्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर १२,००० च्या आसपासचा अनुक्रमांक आहे, तर ते कोणत्या वर्षाचे, असा प्रश्न कोणी विचारला तर किमान तीन उत्तरे संभवतात. ते .३८ तोंडमापाचे (नळीच्या छिद्राचा व्यास, ढोबळमानाने इंचांत) ‘मिलिटरी अँड पोलीस’ असेल तर १८९९ ते १९०२ या काळातले. ‘ट्रिपल लॉक’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले .४४ चे भारदस्त रिव्हॉल्व्हर असेल तर १९०८ ते १९१५ या काळातले. आणि पाच गोळ्यांचे चिमुकले ‘चीफ्स स्पेशल’ असेल तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचे. आकडा तोच, पण वयात अर्ध्या शतकाचे अंतर. याचे कारण साधे आहे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील या कारखान्याने आपल्या सर्व मालाला मिळून एकच क्रममालिका त्या काळात ठेवली नाही. वेगवेगळ्या सांगाड्यांच्या (फ्रेमच्या) आणि तोंडमापांच्या रिव्हॉल्व्हरांची मोजणी स्वतंत्रपणे, बहुधा १ पासून सुरू होत असे.

म्हणूनच आधी वस्तू ओळखावी आणि मगच आकडा वाचावा, असा माझा आग्रह असतो. सिलिंडर उघडून ते पूर्ण रिकामे असल्याची खात्री झाली की सांगाड्याचा आकार, तोंडमाप, दर्शनी माशी (नेम धरण्याची पुढची खूण) आणि नळीखालची रचना पाहावी, आणि त्यावरून मालिका निश्चित करावी. त्यानंतरच मुठीच्या बुडाशी ठोकलेल्या अनुक्रमांकाला अर्थ येतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या स्मिथ अँड वेसनमध्ये हाच अनुक्रमांक सिलिंडरच्या मागच्या पृष्ठभागावर, नळीच्या खालच्या बाजूस आणि मुठीच्या उजव्या लाकडी पट्टीच्या आतही सापडतो. हे सगळे जुळले तर भाग मूळचे आहेत असे मानण्यास हरकत नाही. नळीवरचा आकडा वेगळा निघाला तर नळी दुसरीकडून आलेली आहे हे उघड होते.

सिलिंडर ज्या आडव्या भागावर बाहेर झुकते त्याला योक म्हणतात. तो उघडल्यावर सांगाड्याच्या खाचेत आणखी एक आकडा दिसतो, आणि निम्म्याहून अधिक गोंधळ तेथेच होतो. स्मिथ अँड वेसनच्या बाबतीत तो बहुतेक वेळा जुळणीच्या कामापुरता ठोकलेला आकडा असतो; घासून-पुसून झाल्यावर बाजूचे झाकण, योक आणि सांगाडा पुन्हा एकत्र यावेत एवढाच त्याचा उपयोग, कालनिर्णयासाठी तो निरुपयोगी. कोल्टच्या १९१७ च्या लष्करी रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र परिस्थिती नेमकी उलटी आहे: तेथे मुठीच्या बुडाशी सैन्याने दिलेला क्रमांक असतो, आणि कारखान्याचा खरा अनुक्रमांक योकजवळ आत लपलेला असतो. एका कंपनीचा नियम दुसरीला लावणे म्हणजे एका गावच्या सात-बारावर दुसऱ्या गावची जमीन मोजणे होय.

‘मिलिटरी अँड पोलीस’ची मालिका सर्वांत लांब आणि म्हणून सर्वांत शिकण्यासारखी आहे. १८९९ मध्ये १ पासून निघालेली ही मोजणी १९४२ मध्ये दहा लाखांवर पोहोचली. यंत्रावर सात आकडे ठोकण्यापेक्षा कंपनीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि आकड्यापुढे ‘व्ही’ हे अक्षर लावले. युद्धकाळातील ‘व्हिक्टरी’ मॉडेलचे ते आद्याक्षर. या एकाच मालिकेत अमेरिकी नौदलासाठीची .३८ स्पेशलची आणि ब्रिटन व राष्ट्रकुलातील सैन्यांसाठीची .३८/२०० ची (ही दोन वेगळ्या काडतुसांची नावे) रिव्हॉल्व्हरे सरमिसळ झालेली आहेत. १९४४ च्या अखेरीस एका खलाशाच्या हातून असे एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी डेकवर पडले, गोळी सुटली आणि मृत्यू ओढवला. त्यानंतर कारखान्याने घोड्याला (हॅमरला) अडवणारा नवा सुरक्षा-भाग अल्पावधीत तयार केला, आणि तो बसवलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या आकड्यापुढे ‘एस’ची भर पडली. युद्ध संपताच ‘व्ही’ गळाला, ‘एस’ उरला. १९४८ मध्ये त्याची जागा ‘सी’ने घेतली आणि १९६८ च्या सुमारास ‘डी’ आला.

येथे एक सापळा आहे. मोठ्या सांगाड्याच्या, म्हणजे .४४ आणि .३५७ मॅग्नमसारख्या रिव्हॉल्व्हरांनाही युद्धानंतर ‘एस’च लावला गेला, आणि तेथे तो १९६९ पर्यंत टिकला. त्यामुळे केवळ ‘एस’ पाहून १९४७ चे म्हणून विकले जाणारे रिव्हॉल्व्हर प्रत्यक्षात १९६० च्या दशकातले असू शकते. अशा वेळी स्क्रू मोजावेत. १९५५ पर्यंत बाजूच्या झाकणाला चार आणि ट्रिगर-गार्डच्या पुढे एक असे पाच स्क्रू असत. त्या वर्षी झाकणाचा वरचा स्क्रू गेला आणि १९६१ मध्ये ट्रिगर-गार्डपुढचाही गेला. १९५७ पासून योकच्या खाचेत मॉडेल क्रमांक ठोकला जाऊ लागला, तेव्हा तो असेल तर रिव्हॉल्व्हर त्याआधीचे नाही हे निश्चित. तंत्रातील हे बारीक बदल कित्येकदा आकड्यापेक्षा अधिक भरवशाचे ठरतात.

नळीवरच्या पेटंटच्या तारखांवर मात्र विसंबू नये. तेथील शेवटची तारीख, बहुधा २९ डिसेंबर १९१४, वाचून ‘हे पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीचे’ असे सांगणारे मालक पुष्कळ भेटतात. ती तारीख त्यानंतर कित्येक वर्षे ठोकली जात होती. याउलट सरकारी आणि परीक्षणाचे (शस्त्राची मजबुती तपासणाऱ्या चाचणीचे) ठसे बोलके असतात. व्हिक्टरीवरील ‘जीएचडी’ ही अक्षरे गाय एच. ड्र्यूरी या अमेरिकी लष्करी निरीक्षकाची आहेत. त्याच रिव्हॉल्व्हरवर मुकुटाखाली ‘बीएनपी’ हा बर्मिंगहॅमचा ठसा दिसला, तर ते १९५४ नंतर ब्रिटनमध्ये परीक्षणाला गेले होते, बहुधा सैन्याने काढून टाकलेला माल म्हणून विक्रीसाठी. अनुक्रमांक जन्म सांगतो. पुढचा प्रवास या ठशांतून कळतो.

आपल्याकडे या विषयाचा संबंध मुख्यतः कागदपत्रांशी येतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, त्यामुळे परवान्यावरील नोंद आणि धातूवरील आकडा तंतोतंत जुळणे ही हौसेची बाब राहत नाही. अशी नोंद करताना पुढचे अक्षर सुटले तर काय होते ते पाहा: ‘व्ही ४१२३४५’ हे युद्धकाळातील रिव्हॉल्व्हर आहे, ‘व्ही’ गाळून उरलेला ४१२३४५ हा त्याच जातीच्या, पण १९२० च्या दशकातील एका वेगळ्याच रिव्हॉल्व्हरचा अनुक्रमांक आहे. दोन्ही खरी, दोन्ही अस्तित्वात असू शकणारी. म्हणून नोंद करणाऱ्याने अक्षर, मोकळी जागा, सगळे जसेच्या तसे उतरवावे, आणि शक्य असल्यास बुडाचे स्पष्ट छायाचित्र जोडावे.

इतके सगळे करूनही हाती लागतो तो काळाचा एक पट्टा, नेमका दिवस नव्हे. सांगाड्यांवर आकडे ठोकून ते कोठीत ठेवले जात आणि हाताला येतील तसे उचलले जात, त्यामुळे पुढचा आकडा आधी बाहेर पडल्याची उदाहरणे सर्रास आढळतात. १९३० च्या मंदीत तर तयार माल वर्षानुवर्षे पडून राहिला. रवानगीची तारीख आणि ठिकाण हवे असेल, तर कंपनीच्या जुन्या खातेवह्यांवरून शुल्क घेऊन दिले जाणारे पत्र मागवावे लागते. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांसाठीही अशी सोय आहे. व्हिक्टरीच्या बाबतीत त्या पत्रात बहुधा एखाद्या सरकारी कोठाराचेच नाव येते, तेव्हा त्यासाठी मी खर्च करणार नाही. ट्रिपल लॉक असेल, सर्व आकडे जुळत असतील आणि मूळची झळाळी टिकून असेल, तर मात्र पत्र आल्याशिवाय किमतीची बोलणीसुद्धा सुरू करू नयेत.